मांजर आपले घमेले का सोडते?
(तृतीय वर्ष कला, मानसशास्त्र)

मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात मांजराची आणि आपली पहिली गाठ पडते ती थॉर्नडाइकच्या पेटीत. १८९८ साली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने भुकेली मांजरे लाकडी पेटीत कोंडली, बाहेर मासळी ठेवली आणि खिटी उघडून बाहेर यायला त्यांना किती वेळ लागतो ते मोजले. 'प्रयत्न-प्रमाद' आणि 'परिणामाचा नियम' ही आपल्या प्रश्नपत्रिकेतील नेहमीची मंडळी तेथूनच आली. ज्या क्रियेतून समाधान मिळते ती प्राणी पुन्हा करतो. जिच्यातून त्रास होतो तिच्यापासून दूर जातो. वर्गात हे शिकत असताना मी वहीच्या कोपऱ्यात मांजराचे चित्र काढून मोकळी झाले होते. हा नियम आपल्या घरातील वाळूच्या घमेल्यालाही लागू आहे हे मला उमगले, तोवर आमच्या घराने एक मांजर गमावले होते आणि दुसरे जवळजवळ गमावले होते.

पहिले मांजर दौंडचे. वडील रेल्वेत असल्यामुळे माझे बालपण तिथल्या क्वार्टर्समध्ये गेले. आमच्या करड्या मांजरीचे नाव मनी. मागल्या अंगणात पाणी तापवायच्या बंबाची राख टाकलेली असे. मनी त्या राखेत खळगा करी, आपले काम उरके आणि पंजाने राख ओढून सारे झाकून टाकी. तिच्या स्वच्छतेचे आजी शेजारणींना कौतुकाने सांगत असे. मी सहावीत असताना एका पावसाळ्यात मनीने घरात घाण करायला सुरुवात केली. आधी मोरीत, मग पायपुसण्यावर आणि शेवटी आजीच्या वाकळेवर. आजीने दोनदा तिचे नाक त्या ओल्यावर घासले. "माजलीय ती, डूख धरलाय तिनं," हा निकाल घरात एकमताने लागला. एका रविवारी काकांनी तिला पोत्यात घातले आणि भीमेच्या पुलापलीकडे, श्रीगोंद्याच्या हद्दीत सोडून दिले. आमच्याकडे नको असलेल्या मांजराचे असेच करतात, त्यामुळे कोणाला त्यात वावगे वाटले नाही. मी दोन दिवस जेवले नाही, एवढेच.

वडील निवृत्त झाल्यावर आम्ही चौफुला-न्हावऱ्याच्या रस्त्याने सामान आणून शिरूरजवळ आईच्या माहेरगावी राहायला आलो. घराच्या मागे ऊस. ऊस म्हटला की या तालुक्यात बिबट्या आलाच. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत पिंपरखेड-जांबूत भागात माणसे, लहान मुले बिबट्याला बळी पडली, तेव्हापासून तर दिवेलागणीनंतर अंगणात कोणी रेंगाळत नाही. कुत्री-मांजरे बिबट्याच्या नेहमीच्याच आहारातली. म्हणून आमचा बोका भुऱ्या संध्याकाळी पाचला घरात घ्यायचा आणि सकाळी सातला सोडायचा, असा नियम आधीपासूनच होता. रात्रीसाठी बांधकामातून उरलेली नदीची वाळू एका घमेल्यात भरून ठेवली. भुऱ्याला काही शिकवावे लागले नाही. पहिल्याच रात्री त्याने वाळू उकरली.

न शिकवता तो ती का उकरतो, याचे उत्तर फार जुने आहे. जगातील सारी पाळीव मांजरे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या कोरड्या मुलखातील एका रानमांजराची वंशज आहेत, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने दाखवून दिले. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचे सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे अवशेष मिळाले आहेत. मऊ, भुसभुशीत, पंजाखाली सरकणारी जमीन शोधणे हा त्या वंशाचा वारसा होय. माणसाने त्यासाठी राख दिली, माती दिली, लाकडाचा भुसा दिला. १९४७ साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यात एडवर्ड लो नावाच्या व्यापाऱ्याकडे एक शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली. थंडीने तिची वाळू गोठली होती. लो याने वाळूऐवजी पाणी शोषणाऱ्या मातीचे दाणे दिले आणि त्यातून एक मोठा धंदा उभा राहिला. ती माती आपल्या मुलतानी मातीच्याच जातकुळीतली. आज दुकानात मिळणारी, ओल लागताच गोळा होणारी माती बहुधा बेंटोनाइटची असते, आणि बेंटोनाइट आपल्या कच्छमध्येही भरपूर निघते. (शिरूरच्या बाजारात मी "मांजराचं लिटर आहे का?" असे विचारले तेव्हा दुकानदाराने "किती लिटर?" असा उलट प्रश्न केला होता.)

आमच्या घरी दीड वर्ष सारे सुरळीत चालले. मग नदीची वाळू संपली. भीमा आणि घोड या नद्यांच्या वाळूची कथा येथे सांगत बसत नाही. ती आता सहज मिळत नाही, एवढे पुरे. वडिलांनी क्रशरवरची कच आणून घमेले भरले. दिसायला वाळूच, पण फोडलेल्या दगडाचा दाणा टोकदार असतो. नदीने शेकडो वर्षे घासून गोल केलेला दाणा वेगळा आणि यंत्राने चेचलेला वेगळा. आपण चपला घालतो. मांजर मात्र त्यात अनवाणी उभे राहून पंजाने खणते. त्याच महिन्यात घरघंटी आली आणि घमेले तिच्या शेजारच्या कोपऱ्यात सरकले. आई पहाटे दळण लावी. भुऱ्याची घमेल्यात जाण्याची वेळही नेमकी तीच. शिवाय आईने स्वच्छता म्हणून घमेले काळ्या फिनेलने धुवायला सुरुवात केली.

भुऱ्याने पायपुसणे गाठले, आणि नंतर आजीचे अंथरूण. मग तेच शब्द, तोच सूर : "बोका माजलाय. सोडून या त्याला." या वेळी मी हट्टाने आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि माझ्या समजुतीप्रमाणे 'अभ्यास' सुरू केला, म्हणजे तो कोठे करतो याची वहीत नोंद ठेवू लागले. किती करतो, हे लिहून ठेवायचे मला सुचले नाही.

पाचव्या दिवशी तो पुन्हा घमेल्यात जाऊ लागला. मला आनंद झाला. तासाभरात तो सहा-सात वेळा गेला, बसला, कुंथला आणि बाहेर आला. आई म्हणाली, "पोट साफ नाही त्याचं, थोडं एरंडेल घाल." मी घातले. रात्री तो स्वतःला सतत चाटत होता आणि कधी ऐकला नव्हता अशा खोल आवाजात ओरडत होता. सकाळी खाटेखाली निपचित पडला होता, शेजारी उलटी. पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पोट चाचपले आणि विचारले, "ताई, शी होत नाही हे कशावरून ठरवलंत? याची लघवी शेवटची कधी पाहिली?" मला उत्तर देता आले नाही. मूत्राशय लिंबाएवढे टणक झाले होते. "तुंबलीय. इथं माझ्याकडं एवढी बारीक नळी नाही. पुण्याला न्या, आणि आत्ताच्या आत्ता न्या."

पुण्याला नळी घालून त्याची लघवी मोकळी केली. तीन दिवस तो सलाइनवर होता, आणि वाचला.

बोक्याचा मूत्रमार्ग शेवटाकडे अतिशय अरुंद असतो. बारीक खडे, श्लेष्मा यांचा बोळा अडकला की लघवी थांबते; रक्तातील पोटॅशियम वाढते, हृदयाची लय बिघडते आणि एक-दोन दिवसांत मृत्यू येऊ शकतो. मादीचा मार्ग रुंद असल्याने तिच्यात हे फार क्वचित घडते, पण मूत्राशयाचा दाह तिलाही होतो. त्यामुळे वारंवार कुंथणारा बोका दिसला की पहिला प्रश्न एकच : ओल पडते आहे की नाही? पडत नसेल तर ती रात्र उजाडण्याची वाट पाहायची नाही. एरंडेल पाजण्यात माझे सोळा-सतरा तास गेले.

आता थॉर्नडाइककडे परत येऊ. मूत्राशयाचा दाह झालेल्या मांजराला लघवी करताना वेदना होतात, आणि त्या वेळी ते उभे असते घमेल्यात. रोग पोटात आहे हे त्याला कळत नाही. दुखते ते या जागी, एवढेच ते शिकते, आणि दुसरी जागा शोधते. वाकळ मऊ असते, ओल शोषते. मोरी गार असते. यात डूख कोठे आला? नाक घासण्याची शिक्षा तर निव्वळ वाया जाते, कारण तासापूर्वीची कृती आणि आत्ताची शिक्षा यांचे अभिसंधान मांजरात होत नाही. माणूस जवळ आला की त्रास होतो, हे मात्र पक्के होते. मग ते लपून करू लागते, आणि आपण म्हणतो, बघा किती लबाड आहे.

मला सर्वांत चक्रावून टाकणारी गोष्ट पुढचीच. असा दाह झालेल्या तरुण मांजरांपैकी निम्म्याहून अधिकांत ना जंतू सापडतात, ना खडा. ओहायो राज्य विद्यापीठातील टोनी बफिंग्टन यांनी या दुखण्याचा संबंध मांजराच्या मनावरील ताणाशी जोडून दाखवला. २००६ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरात कोंडून राहणाऱ्या ४६ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरातील व्यवस्था बदलली, लपायला आणि चढायला जागा दिली, पाणी व घमेले नीट ठेवले, तेव्हा बहुतेकांची लक्षणे कमी झाली. म्हणजे पहाटेची घरघंटी, बोचणारी कच, रात्रीची कोंडी, खिडकीबाहेर येऊन गुरगुरणारा परका बोका ही सारी कारणे भुऱ्याच्या मूत्राशयापर्यंत पोचू शकत होती. आमच्या घरात नेमके कोणते कारण किती, हे मी सांगू शकत नाही. आम्ही एकाच महिन्यात सगळेच बदलून बसलो होतो. प्रयोगात एका वेळी एकच घटक बदलावा, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले आहेत.

फिनेलविषयी थोडे सांगायला हवे, कारण ते घरोघरी असते. फिनॉल जातीची द्रव्ये शरीराबाहेर टाकण्याचा यकृताचा जो मार्ग माणसात असतो, तो मांजरात अगदी अपुरा असतो. फिनेलात भिजलेले पंजे ते चाटते आणि विष पोटात जाते. (पॅरासिटामॉलची गोळी मांजराला घातक ठरते तीही बव्हंशी याच उणिवेमुळे.) घमेले साध्या साबणाने धुऊन उन्हात वाळवले की पुरते. अमोनिया असलेले द्रावण तर मुळीच नको. त्याचा वास लघवीसारखाच असतो, त्यामुळे पुसलेली जागा मांजराला पुन्हा बोलावते.

बसून केलेली लघवी आणि शेपूट थरथरवत उभ्याने भिंतीवर मारलेली पिचकारी यांत गल्लत करू नये. पिचकारी हे बोक्याचे हद्द सांगणे आहे. नसबंदी केली की बहुतेकांत ते थांबते.

आता गवंड्याकडून गिलाव्यासाठी चाळलेली बारीक वाळू मिळवली आहे, ती चार बोटे खोल भरतो. एका मांजराला दोन घमेली ठेवावीत असे सांगतात, म्हणून एक जिन्याखाली आणि एक माझ्या खोलीत. घरघंटी पडवीत गेली. भुऱ्याच्या खाण्यात पाणी घालून ते पातळ करतो, कारण मांजर मुळातच पाणी कमी पिते आणि त्याची लघवी दाट असते. जवळजवळ दोन आठवड्यांनी त्याने वाळू पुन्हा उकरली.

हा लेख लिहिण्याआधी मी तो आजीला वाचून दाखवला. मनीचा भाग आला तेव्हा ती पदराशी चाळा करीत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "त्या पावसात राख भिजून चिखल झाला होता गं अंगणात. आणि ती मोरीत बसायची तेव्हा थेंब थेंबच पडायचं." मग उठून आत गेली.

हल्ली घमेले तीच साफ करते. सकाळी खुरप्याने वाळू खालीवर करते आणि स्वयंपाकघरातून ओरडून सांगते, "दोन गोळे आहेत बरं का, मोठे." मी ते वहीत लिहून ठेवते.