सर्व्हरची सुरक्षा : तटबंदीच्या आतील व्यवस्था

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची, म्हणजेच एम्सची, संगणकीय व्यवस्था कोलमडली. रुग्णांची नोंदणी, भेटीच्या वेळा, दाखल करून घेणे, घरी सोडणे ही कामे ज्या ‘ई-हॉस्पिटल’ प्रणालीवर चालत होती, तीच बंद पडल्याने कर्मचाऱ्यांना पुन्हा कागद-पेन हाती घ्यावे लागले. पुढे संसदेत देण्यात आलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित होऊन सुमारे १.३ टेराबाइट माहिती कूटबद्ध करण्यात आली होती. नेटवर्कचे योग्य विभाजन झालेले नव्हते, हे त्याचे कारण सांगण्यात आले. बहुतांश सेवा पूर्ववत होण्यास दोन आठवडे लागले.

स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी सायबर सुरक्षेच्या अभ्यासात व्हायरस, फिशिंग, रॅन्समवेअर यांच्या व्याख्या पाठ करतात. ‘विभाजन’ हा शब्द मात्र त्यांच्या टिपणांत क्वचितच आढळतो. सर्व्हर सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाच्या दृष्टीने तोच कळीचा आहे.

महादरवाजा शत्रूच्या हाती गेला म्हणून किल्ला पडला असे होत नाही. आत आणखी दरवाजे असतात आणि शेवटी बालेकिल्ला असतो. अनेक कार्यालयांच्या नेटवर्कमध्ये मात्र इंटरनेटच्या तोंडाशी एक फायरवॉल असते आणि आत सारे मोकळे मैदान. तेथे एका लिपिकाने ई-मेलमधील घातक जोडपत्र उघडले, की घुसखोराला मुख्य सर्व्हरपर्यंत अडविणारे कोणीच नसते. रुग्णालयाचेच उदाहरण घेऊ. नोंदणी खिडकीवरील संगणकाला अर्ज भरण्याच्या प्रणालीच्या सर्व्हरवरील ४४३ क्रमांकाचे पोर्ट पुरते. डेटाबेसशी थेट बोलण्याची मुभा केवळ त्या प्रणालीच्या सर्व्हरला असावी, खिडकीवरील संगणकाला नव्हे. देखभालीचे मार्ग, म्हणजे लिनक्ससाठी बहुधा पोर्ट २२ आणि विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपसाठी पोर्ट ३३८९, व्यवस्थापकांच्या स्वतंत्र विभागातूनच खुले असावेत. फायरवॉलचे नियम लिहिताना काय अडवायचे याची यादी करण्याऐवजी काय जाऊ द्यायचे याची यादी करावी आणि उरलेले सर्व नाकारावे.

यासाठी यंत्रसामग्रीवर फार खर्च येतो असे नाही. कार्यालयीन वापराच्या बहुतेक स्विचमध्ये आभासी लॅनची सोय असतेच. कष्टाचे काम असते ते कोणता संगणक कोणाशी व कशासाठी बोलतो, याचा तक्ता तयार करण्याचे. ते कंटाळवाणे असल्याने वर्षानुवर्षे लांबणीवर पडते आणि निविदा मात्र नव्या उपकरणांच्या निघतात.

दुसरे उदाहरण बंदराचे आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम पसरला. मेर्स्क या डॅनिश नौवहन समूहाच्या नेटवर्कमध्ये तो शिरला आणि नवी मुंबईतील जवाहरलाल नेहरू बंदरात त्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. विंडोजमधील ज्या त्रुटीचा त्याने लाभ घेतला, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच उपलब्ध केली होती. तरीही दुरुस्ती केलेले सर्वच संगणक वाचले नाहीत. एका संगणकाच्या स्मृतीत राहिलेले व्यवस्थापकाचे पासवर्ड उचलून हा प्रोग्राम दुसऱ्या संगणकात अधिकृत वापरकर्ता म्हणून प्रवेश करीत होता. दैनंदिन कामासाठी साधे खाते व देखभालीसाठी वेगळे खाते, तसेच प्रत्येक सर्व्हरचा स्थानिक पासवर्ड निराळा, हा आग्रह त्यासाठीच धरला जातो.

मेर्स्कच्या वापरकर्त्यांची ओळख सांभाळणारे सर्व्हर निरनिराळ्या देशांत होते व एकमेकांच्या प्रती ठेवत होते. एक बंद पडला तर दुसरा आहे, अशी ही योजना होती; सारे एकाच वेळी नष्ट होतील, हे तिच्यात गृहीत धरलेले नव्हते. घानामधील एक सर्व्हर तेवढा वाचला, तोही हल्ल्यापूर्वी वीज गेल्याने तो नेटवर्कपासून तुटला होता म्हणून. सतत जुळत राहणारी प्रत आणि बॅकअप यांतील भेद येथे ध्यानात येतो. पहिलीत मूळ माहितीबरोबर तिचा बिघाडही उतरतो. बॅकअपच्या किमान तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक अन्यत्र ठेवावी असा संकेत आहे. एक प्रत नेटवर्कपासून पूर्णतः अलग असावी, ही त्यात रॅन्समवेअरमुळे पडलेली भर. एम्समध्ये बाधित न झालेल्या बॅकअप सर्व्हरवरूनच ‘ई-हॉस्पिटल’ची माहिती नव्या सर्व्हरवर परत आणता आली. मात्र बॅकअपमधून माहिती खरोखर परत मिळते का, याची तालीम ठरावीक काळाने घ्यावी लागते.

आता कायद्याकडे वळू. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने, जी २७ ऑक्टोबर २००९ पासून अंमलात आली, दोन कलमे समाविष्ट झाली. ७०अ खाली महत्त्वाच्या माहिती पायाभूत सुविधांच्या संरक्षणासाठीची राष्ट्रीय संस्था येते, तर ७०ब खाली २००४ पासून कार्यरत असलेली ‘सर्ट-इन’. विद्यार्थ्यांची या दोहोंत गल्लत होते. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार विनिर्दिष्ट प्रकारच्या सायबर घटनेची माहिती ती लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे आणि प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. घुसखोर प्रथम आपल्या खुणा पुसतो, त्यामुळे या नोंदी तो पोहोचणार नाही अशा स्वतंत्र सर्व्हरवर पाठवाव्या लागतात.

याच निर्देशांत सर्व्हरची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या कालसर्व्हरशी जुळवण्याचे कलम आहे. वरकरणी ते किरकोळ वाटते. पण फायरवॉल आणि डेटाबेस सर्व्हर यांच्या घड्याळांत सात मिनिटांचे अंतर असेल, तर कोणती घटना आधी घडली आणि कोणती नंतर, हे तपास अधिकाऱ्याला नोंदींवरून सांगता येत नाही.