शेजारच्या घरातला आवाज

(शास्त्रवाचन : लूक १०:२५-३७)



रात्री शेजारच्या घरातून भांडी आपटल्याचा आणि मग बाईच्या रडण्याचा आवाज येतो. आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. 'नवरा-बायकोचे भांडण, आपण कशाला मध्ये पडायचे?' रविवारी तेच कुटुंब मिस्सामध्ये आपल्या पुढच्या बाकावर असते आणि शांतीची खूण म्हणून आपण त्यांना हात जोडतो.

येरीहोच्या वाटेवरील जखमी माणूस याजकाला व लेव्याला दिसला नव्हता असे नाही. दोघांनीही त्याला पाहिले आणि ते बाजूने निघून गेले. प्रभू येशू विचारतो, त्याचा शेजारी कोण ठरला?

तरुणांनी दाखवलेली वाट

१९९१ साली एका पत्रकाराने इंडियन एक्सप्रेसमध्ये जाहिरात दिली. बायकोला मारणे ज्यांना मान्य नाही, अशा पुरुषांनी पुढे यावे, असे आवाहन तिच्यात होते. दोनशेहून अधिक पुरुषांनी प्रतिसाद दिला. त्यातूनच १९९३ साली मुंबईत 'मावा' ही पुरुषांची संघटना उभी राहिली. हरीश सदानी हे तिच्या संस्थापकांपैकी एक. २००६ पासून 'युवा मैत्री' या उपक्रमातून ही संघटना पुण्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली. हे विद्यार्थी आधी स्वतः प्रशिक्षण घेतात आणि मग आपल्या बरोबरीच्या मुलांशी बोलतात. मर्दपणा म्हणजे काय? राग आला की हात का उचलला जातो? वडिलधाऱ्यांनी सांगून जे पटत नाही, ते कधी कधी मित्राने सांगितले की पटते.

'बेल बजाओ' ही मोहीम २००८ साली सुरू झाली. तिचा संदेश साधा होता : मारहाणीचा आवाज आला तर दाराची बेल वाजवा, काहीतरी निमित्त काढा. कुणीतरी ऐकते आहे, एवढे कळले तरी उगारलेला हात थांबू शकतो.

हा क्रूस नव्हे

'तुझा क्रूस समजून सहन कर,' असे आपल्या किती लेकी-सुनांना सांगितले जाते! प्रभूने क्रूस स्वेच्छेने, इतरांच्या तारणासाठी उचलला. बायकोला मारणे हे तिच्या वाट्याला आलेले पुण्य नाही, ते मारणाऱ्याचे पाप आहे. इफिसकरांस पत्रात (५:२५) संत पौल पतींना सांगतो, ख्रिस्ताने ख्रिस्तसभेवर केली तशी पत्नीवर प्रीती करा. त्याने तर तिच्यासाठी स्वतःला अर्पण केले.

विवाह संस्काराचे बंधन तुटत नाही, म्हणून मार खात राहावे, असे ख्रिस्तसभा सांगत नाही. जोडीदारामुळे पत्नीच्या किंवा मुलांच्या शरीराला वा मनाला गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्यास योग्य कारण आहे, असे धर्मसभेच्या कायद्याचे कलम ११५३ सांगते. पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात असे वेगळे होणे काही वेळा नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते, असे लिहिले.

देशाचा कायदाही पाठीशी आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. पत्नीप्रमाणेच आई, बहीण, मुलगी यांनाही तो संरक्षण देतो. शिवीगाळ, अपमान, घरखर्चाला पैसे न देणे हीसुद्धा त्यात हिंसाच आहे. पीडित स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते, आणि ती शेजारीही देऊ शकतो.

आपण काय करावे?

* ती बोलू लागली तर ऐकून घ्या. 'तुझंच काही चुकलं असेल,' असे म्हणू नका.
* तिने सांगितलेले गावभर करू नका.
* जीवाला धोका दिसला तर ११२ वर पोलिसांना कळवा. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे.
* युवकांनो, मित्र बायकोवर किंवा बहिणीवर हात उचलल्याची फुशारकी मारत असेल तर हसू नका. त्याला तिथेच थांबवा.

चिंतनासाठी प्रश्न

१. असा आवाज ऐकूनही मी कधी बाजूने निघून गेलो का?
२. आपल्या घरातील मुलगे आपल्याकडे पाहून काय शिकत आहेत?

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या घरांत तुझी शांती नांदू दे. भिणाऱ्यांना धीर दे, मारणाऱ्यांना पश्चात्ताप दे आणि ऐकणाऱ्या आम्हांला दार ठोठावण्याचे धैर्य दे. आमेन.