अडीअडचणीचा पैसा

चि. सौ. मनूस,


नव्या घरात तुम्ही दोघं रुळलात, हे तुझ्या आईकडून कळलं. बरं वाटलं. दोघांचे पगार वेळेवर होताहेत, घरकर्जाचा हप्ता अजून नाही. हाती चार पैसे उरायचा हाच काळ, म्हणून आत्ताच लिहिते. दुसरी कुठलीही गुंतवणूक करण्याआधी सहा महिन्यांच्या घरखर्चाइतके पैसे अडीअडचणीसाठी बाजूला काढा.

नोकरी जाणं, ऑपरेशन निघणं सांगून होत नाही. अशा वेळी गाठीला पैसा नसला की माणूस क्रेडिट कार्ड वापरतो, आणि थकलेल्या रकमेवर वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांपर्यंत व्याज चढतं. नाहीतर दागिने गहाण पडतात, नाहीतर मिळेल ती नोकरी पत्करावी लागते.

आधी आकडा ठरवा. गेल्या तीन महिन्यांचा बँकेचा हिशेब काढून दोघं एकत्र बसा. समज, भाडं १८ हजार, वाणसामान-दूध-भाजी १२, वीज-गॅस-मोबाइल ४, प्रवास ५, सासूबाईंना पाठवता ते ५ आणि विम्याचा महिन्याला पडणारा वाटा २. झाले ४६ हजार. सहा महिन्यांचे २ लाख ७६ हजार. आकडा बघून दडपून जाऊ नकोस. महिन्याला ८ हजार टाकलेत तर सहाव्या महिन्यात एका महिन्याचा खर्च जमलेला असेल. पहिला टप्पा तोच. गणपती, दिवाळी, गाडीचं सर्व्हिसिंग मात्र यात बसवू नका. ते खर्च दरवर्षी येतातच, त्यांची तरतूद निराळी.

महिनाअखेर उरेल ते टाकू म्हटलं तर काही उरत नाही. पगाराच्या दिवशीच रक्कम वळती करा आणि राहिलेल्यात घर चालवा. बहुतेक पैसा दमलेल्या संध्याकाळी जातो. बुधवारी साडेआठला घरी यायचं, फ्रिजमध्ये काही तयार नसतं, मग मोबाइलवरून पाचशेचं जेवण येतं. रविवारी तासभर दोघांनी मिळून भाजी निवडून ठेवा, मटकी भिजत घाला, दाण्याचं कूट करून बरणी भरा. बुधवारी कुकर लावला की अर्ध्या तासात उसळ-भात तयार. आठवड्यातून दोन जेवणं अशी वाचली तरी महिन्याला चार हजार हातात राहतात.

माणसांच्या वाट्याचं मात्र कापू नका. कामवाल्या मावशींचा पगार, सासूबाईंचे पाच हजार, दारी आलेल्याचा चहा यांना हात लावायचा नाही. आरोग्यविम्याचा हप्ताही चुकवायचा नाही. आणि एकाने काटकसर करायची, दुसऱ्याने उडवायचं, असं झालं तर रोज खटके उडतील. दोघांनाही हिशेब न देता खर्चायला थोडे पैसे ठेवा.

हा पैसा वाढवायच्या मोहात पडू नका. २०२०च्या जानेवारीत ४२ हजारांवर गेलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांखाली बंद झाला आणि त्याच आठवड्यात टाळेबंदी लागली. नोकऱ्या जातात तेव्हा बाजारही पडलेला असू शकतो. पीपीएफ चांगला, पण तो १५ वर्षांचा. म्हणून एका महिन्याचा खर्च बचत खात्यात आणि बाकीचे पन्नास-पन्नास हजारांच्या वेगवेगळ्या मुदत ठेवींत ठेवा, म्हणजे गरजेपुरती एकच मोडता येईल. खाती दोन बँकांत असू द्या. ठेवींना बँकेमागे ५ लाखांपर्यंत विमा आहे खरा, पण २०१९च्या सप्टेंबरात मुंबईतल्या एका सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला हजारच रुपये काढता येत होते. खातं दोघांच्या नावे ठेवा, एकट्यालाही पैसे काढता येतील असं. त्याला यूपीआय जोडू नका.

खरंच वेळ आली तर हे पैसे काढताना कचरू नका, हळहळूही नका. ते त्यासाठीच आहेत. अडचण सरली की पुन्हा महिन्याला ८ हजार टाकायला लागा. येत्या एक तारखेला पहिली रक्कम वळती झाली की मला फोन कर. मुदत ठेवींचं कसं करायचं ते आपण तिघं बसून ठरवू.

तुझी,
मावशी