ज्याचं सामान त्याच्याच पानावर

आता अंकाचं संकेतस्थळ तुझ्या हाती येतंय, म्हणून सांगते. आपले बहुतेक लेख साधे असतात. एखाद्यालाच नकाशा लागतो, एखाद्या दीर्घकवितेची मांडणी वेगळी हवी असते. त्या लेखाची स्टाइलशीट नि स्क्रिप्ट त्या लेखावरच उतरली पाहिजे, बाकीच्यांवर नाही. एसटीत उभा राहून, जेमतेम रेंजवर कथा वाचणाऱ्याने दुसऱ्याच्या नकाशाचा भार का सोसावा? पानाच्या हेडमध्ये घातलेली स्टाइलशीट पूर्ण येईपर्यंत ब्राउझर सहसा पडद्यावर काही उमटवत नाही, आणि साधी स्क्रिप्ट मध्ये आली की पुढचा मजकूर वाचणंच थांबवतो.

लेखाच्या चौकटीत स्क्रिप्ट कधी चिकटवू नकोस. वर्डप्रेसमध्ये संपादकाच्या खात्यातून ती टिकते खरी, पण मग लेखक स्वतःच्या खात्यातून येतो, एक अनुस्वार सुधारतो, जतन करतो, आणि स्क्रिप्टचा टॅग गाळला जातो. आतला कोड तसाच मागे राहतो नि लेखाच्या मधोमध मजकूर म्हणून उघडा पडतो. लेखकाला कळत नाही काय झालं, वाचकाला तर नाहीच.

फाइल वेगळी ठेव आणि चाइल्ड थीममधून एन्क्यू कर, म्हणजे ती लावायचं काम वर्डप्रेसकडे सोपव. मूळ थीममध्ये लिहिलंस तर पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जाईल. ‘हाच लेख आहे का’ ही अट एन्क्यूच्या हुकच्या आतच घाल; फंक्शन्सच्या फाइलीत मोकळी लिहिलीस तर कोणता लेख उघडलाय हे वर्डप्रेसला तेव्हा ठाऊकच नसतं. अटीत लेखाचा क्रमांक दे, पत्त्यातला स्लग नको; शीर्षक सुधारताना कुणीतरी स्लगही बदलतं. असे लेख वाढले की अटींची रांग लावत बसू नकोस. एक फोल्डर कर, त्यात लेखाच्या क्रमांकाने फाइल ठेव, आणि एकच नियम लिही: त्या क्रमांकाची फाइल असेल तर लाव, नसेल तर पुढे जा. आवृत्तीच्या जागी फाइल शेवटची बदलल्याची वेळ जाऊ दे, म्हणजे तू रंग बदललास तरी वाचकाच्या फोनवर जुनाच दिसतोय, असं होणार नाही.

स्क्रिप्ट जेक्वेरीवर उभी असेल तर ते अवलंबन एन्क्यू करतानाच सांग. वर्डप्रेसमधल्या जेक्वेरीत डॉलरचं चिन्ह मोकळं मिळत नाही, तेवढं ध्यानात ठेव. वर्डप्रेसच्या २०२३ मधल्या ६.३ आवृत्तीपासून डिफर, म्हणजे पान वाचून झाल्यावरच स्क्रिप्ट चालव, असं सांगायची सोय आहे, ती वापर. असिंकमध्ये स्क्रिप्ट आली की लगेच चालते, क्रमाची खात्री नसते, म्हणून एकमेकींवर टेकलेल्या स्क्रिप्टांना ते लावू नये.

फाइल एकाच लेखावर उतरते म्हणून आतले नियम सैल लिहिशील, तर तसं नको. त्या पानावर मेनू आहे, तळटीप आहे, शोधाची चौकट आहे. ‘सगळे परिच्छेद मध्यावर’ असं लिहिलंस की तेही मध्यावर जातील. बॉडीवर लेखाच्या क्रमांकाचा क्लास आपोआप येतो; प्रत्येक नियमाची सुरुवात त्याने कर. मुखपृष्ठावर पूर्ण लेख दाखवत असशील, तर तिथे ही अट लागू होणार नाही आणि कविता साध्या रूपात दिसेल. म्हणून तिथे उतारा दाखवावा, हे बरं.

आता आपल्या लिपीचं. इंग्रजी साइटवरून उचललेल्या स्टाइलशीटमध्ये शीर्षकाला अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. ते आधी काढ, नाहीतर शिरोरेषा जागोजागी तुटते. ओळींमधलं अंतर मात्र सढळ ठेव; वरची वेलांटी नि खालचा उकार एकमेकांना भिडता कामा नयेत. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदव. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ ज्या फाँटांत आहेत, ते सहसा त्या नोंदीवरून दिसतात. एका लेखासाठी वेगळा फाँट हवा असेल तर त्याची एकच जाडी घे, वॉफ-२ रूपात, आणि फाँट येईपर्यंत फोनमधल्या अक्षरांत मजकूर दिसू दे.

फाइल आपल्याच सर्व्हरवर ठेव, हे मी आग्रहाने सांगते. स्क्रिप्ट पुरवणारं पॉलिफिल डॉट आयओ हे डोमेन २०२४ मध्ये दुसऱ्या हातात गेलं आणि जूनमध्ये तिथून घातक कोड येत असल्याचं उघड झालं. त्याची एक ओळ घातलेल्या लाखभर साइटींचे वाचक त्यात सापडले. ‘दुसरीकडून घेतली तर ती वाचकाच्या फोनमध्ये आधीच असते’ हे कारणही आता उरलं नाही. क्रोमने २०२० पासून प्रत्येक साइटचं कॅश वेगळं केलं आहे. परक्या जागेवरून घेणं भागच असेल तर इंटिग्रिटीची खूण घाल, म्हणजे फाइल बदलली की ब्राउझर ती चालवणार नाही.

आणि अगं, स्क्रिप्ट आलीच नाही तरी लेख वाचता आला पाहिजे. कवितेचे शब्द एचटीएमएलमध्येच असू देत. नकाशातल्या गावांची नावं खाली यादीतही दे; ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्या वाचकालाही तीच ऐकू येतात.

तपासताना लॉग-इन केलेल्या खिडकीवर विसंबू नकोस. तिथे बहुधा कॅश वगळलेलं असतं. खासगी खिडकीत तो लेख बघ, मग शेजारचा एखादा साधा लेख उघड आणि नेटवर्कच्या यादीत नकाशाची फाइल नाही ना, ते बघ.