फोर-व्हील पिकअप: गिअरबॉक्सचा खर्च कुठे वाढतो, कुठे वाचतो

२०२२ मध्ये टोयोटा हायलक्स भारतात आली, तेव्हा वरच्या मॉडेलला ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी सुमारे १ लाख रुपये जास्त पडत होते. गिअरबॉक्स उघडायची वेळ आली, तर दुरुस्तीचं बिलही लाखाच्या घरात जाऊ शकतं. ते टाळणाऱ्या बहुतेक सवयींना मात्र पैसा लागत नाही.

सर्वांत महत्त्वाची सवय फोर-व्हीलच्या नॉबची. हायलक्स काय किंवा इसुझूची व्ही-क्रॉस काय, दोन्हींत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये मधला डिफरन्शियल नाही. ४एच (चारही चाकांना ताकद) लावलं की दोन्हींकडे जाणारे शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं. चिखलात टायर थोडा घसरून हा फरक भरून काढतो. कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नाही, म्हणून सगळा ताण ट्रान्सफर केस (दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणारी पेटी) आणि ॲक्सलवर येतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते. म्हणून आंबोली घाट २एचवरच, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या ताकदीवर चढा. शेताच्या लाल चिखलात उतरल्यावर ४एच लावा. याच कारणाने चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत, त्यामुळे टायरचा खर्च धरताना एकदम चारचा धरावा.

४एल (फोर-व्हीलचा लो गिअर) लावताना गाडी पूर्ण थांबवा, ब्रेक दाबून गिअर ‘एन’मध्ये घ्या, मग नॉब फिरवा. इथे जिवाचा धोका आहे: ट्रान्सफर केस मध्येच न्यूट्रलला राहिली, तर ‘पी’ लावूनही गाडी उतारावर घरंगळू शकते. ४एलचा दिवा स्थिर होईपर्यंत पाय ब्रेकवरून काढू नका, हँडब्रेकही ओढलेला असू द्या. एरवीही उतारावर आधी हँडब्रेक, मग ‘पी’. नाहीतर एवढ्या गाडीचा भार आतल्या एका छोट्या खटक्यावर येतो. रुतलेली गाडी ‘डी’मध्ये नुसती रेटत राहिलात, तर ऑइल तापतं. ऑइल तापल्याचा दिवा लागला की थांबा, ‘पी’ लावा आणि इंजिन चालूच ठेवा, म्हणजे ऑइल कूलरमधून फिरत राहील.

सर्व्हिसला चार ऑइलं वेगळी विचारा: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा आणि मागचा डिफरन्शियल. नुसतं ऑइल काढलं, तर गिअरबॉक्समधलं बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं. पूर्ण बदलायचं तर लिटर वाढतात. कोटेशनमध्ये लिटर, ऑइलचा ग्रेड, फिल्टर, मजुरी आणि १८ टक्के जीएसटी वेगवेगळे लिहून घ्या. गाडी ओढ्यातून नेली असेल, तर पुढच्या सर्व्हिसची वाट न पाहता ऑइल तपासून घ्या. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला. हा खर्च काही हजारांचा.

नेहमीच्या विमा पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरत नाहीत. ‘इंजिन प्रोटेक्ट’ घेताना त्यात गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल येतात का, ते लेखी विचारा. रस्त्यावरच्या मदतीचं कलमही वाचा, कारण इंजिन बंद असताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा ऑइल पंप फिरत नाही आणि चाकं जमिनीवर ठेवून ओढली की आतले भाग कोरडे घासतात. त्या मदतीत फ्लॅटबेड गाडी नसेल, तर माझ्या मते ती पॉलिसी या पिकअपच्या उपयोगाची नाही.