वाट विचारत अठरा होल

आग्नेय मिशिगनमध्ये, ह्युरॉन नदीपासून जवळच्या एका जंगलात डिस्क गोल्फचा जुना कोर्स आहे. चाल गोल्फचीच, पण चेंडू आणि काठीऐवजी प्लास्टिकची चकती हाताने फेकायची आणि साखळ्या लोंबणाऱ्या लोखंडी बास्केटमध्ये पाडायची. तिकीट नाही, फाटक नाही, राखणदार नाही. पाट्या कधीच्या गळून पडल्या. फेकायला उभं राहायची जागा, म्हणजे टी, कुठे फुटक्या काँक्रीटची, कुठे चिखलात रुतलेल्या रबरी मॅटची. गेली काही वर्षं मी तिथे खेळते. त्या रानाने मला काय दिलं, ते जसं आठवेल तसं लिहिते आहे.

१. अनोळखी माणसाला विचारल्याशिवाय हा कोर्स पुरा होत नाही. तिसऱ्या बास्केटपाशी उभं राहिलं की चौथी टी कुठेच दिसत नाही. ती ओढ्यापलीकडे आहे, मोडक्या बाकाच्या मागे, आणि हे कुठेही लिहिलेलं नाही. मी पहिल्यांदा विचारलं ते कुत्र्याला फिरवत खेळणाऱ्या एका गृहस्थांना. त्यांनी हाताने दिशा दाखवली, मग स्वतःच म्हणाले, ‘चला, सांगून नाही कळायचं,’ आणि सातव्या होलपर्यंत बरोबर खेळले. या देशात आल्यावर शेजाऱ्यांशी हात हलवण्यापलीकडे ओळख व्हायला मला फार वेळ लागला होता. इथे वाट विचारणं हाच खेळाचा भाग होता. पुढे कुणी मला विचारू लागलं, तेव्हा मीही बरोबर चालू लागले. खरंच सांगून कळत नाही.

२. दाट झाडीत ताकद फारशी कामाला येत नाही. प्रत्येक डिस्कवर सहसा चार आकडे असतात. किती वेगाने फेकावी लागेल, किती वेळ तरंगेल, सुरुवातीला किती वळेल आणि वेग सरल्यावर शेवटी कुठे ओढली जाईल, ते हे आकडे सांगतात. वेगाचा आकडा बारा-तेरा असलेल्या ड्रायव्हरचं, म्हणजे लांब पल्ल्याच्या डिस्कचं, मोकळ्या माळावर मोठं कौतुक. इथे दोन बीचच्या खोडांमधली फट जेमतेम दोन हात रुंद, आणि तिच्यातून जायला माझी चार-पाच वेगाची, मधल्या पल्ल्याची मिडरेंज डिस्कच बरी. मला नवल वाटलं ते जुन्या डिस्कचं. उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली नवी डिस्क शेवटी डावीकडे ओढ घेते. तीच झाडांवर आपटून आपटून झिजली की ओढ कमी होते, आणि मग ती बराच वेळ सरळ जाते. म्हणून इथले जुने खेळाडू ओरखडे पडलेल्या डिस्क जिवापाड जपतात. याच झाडांनी घासून तयार केलेली डिस्क याच झाडांमधून नीट वाट काढते, याचा मला अजूनही आनंद होतो.

३. हा कोर्स आखला तेव्हाचं जंगल आता उरलेलं नाही. २००२ मध्ये डेट्रॉईटच्या परिसरात एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा चकचकीत भुंगेरा सापडला. तो आशियातला, बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांमधून आलेला. त्याच्या अळ्या सालीखालचा जिवंत थर पोखरतात आणि झाडाचा अन्नपाणी वाहण्याचा मार्गच तुटतो. ॲशची झाडं लाखोंनी मेली. मेलेला ॲश ठिसूळ होतो, वाऱ्यात मध्येच मोडतो. त्यामुळे आमच्या नवव्या होलवर एक अख्खं खोड आडवं पडलं आहे, आणि जिथे पूर्वी सावली होती तिथे उन्हामुळे काटेरी झुडपं माजली आहेत. दुर्लक्ष झालंय असं बाहेरचा माणूस म्हणतो आणि ते खरंही आहे. पण यातलं बरंचसं दुर्लक्ष नसून एका किडीच्या साथीचा मागे उरलेला पसारा आहे. सालीवर इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखी बारीक भोकं दिसतात. एकदा ती ओळखता आली की झाडांकडे पाहायची नजरच बदलते. तुटलेल्या बुंध्यांना मुळापासून नवे कोंब फुटतात, तेही मग दिसू लागतात.

४. तीन पानांच्या वेलीला हात लावायचा नाही. पॉयझन आयव्हीचा चीक अंगाला लागला की फोड येतात. आंबा, काजू आणि आपला बिब्बा यांच्याच कुळातली ही वेल. ‘बिब्बा उततो तसंच’ एवढं सांगितल्यावर आईला पुढे काही समजवावं लागलं नाही. चीक डिस्कवरही टिकून राहतो, म्हणून घरी आल्यावर आधी डिस्क साबणाने धुवायच्या.

५. फेकणाऱ्यापेक्षा पाहणाऱ्याची नजर मोलाची असते. आई सांगलीहून उन्हाळ्यात आली की माझ्याबरोबर येते. ती डिस्क हातात धरत नाही. पण सहाव्या होलवर, जिथे टीवरून बास्केट दिसतच नाही, तिथे ती पुढे जाऊन वळणावर उभी राहते. ‘अगं, तिकडे नको शोधूस, त्या आडव्या ओंडक्याला लागून डावीकडे उडाली,’ असं सांगते आणि डिस्क तिथेच असते. स्पर्धेच्या नियमात हरवलेली डिस्क शोधायला तीन मिनिटं मिळतात. आईला एवढा वेळ कधी लागत नाही. ऑक्टोबरात मेपलची पानं पडली की लाल-पिवळी डिस्क दिसेनाशी होते, तेव्हा ती सांगलीत असते आणि मला तिची उणीव फार जाणवते. आता इथले नेहमीचे लोक जून आला की ‘आई कधी येणार?’ असं विचारतात. ‘आई’ हा शब्द त्यांना नीट म्हणता येतो.

६. काही मोडलं की लोक स्वतःचे नियम करतात. अकराव्या बास्केटवर ॲशची फांदी कोसळली आणि ते काढून न्यावं लागलं. तिथे कुणीतरी लाकडी खांब रोवून फीत बांधली. यामुळे आम्ही थेट १९७५ मध्ये पोचलो. त्या वर्षी एड हेड्रिक यांनी कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये डिस्क गोल्फचा पहिला कायमस्वरूपी कोर्स उभारला, तेव्हा तिथे नुसते खांबच होते. डिस्क लागली की चाटून गेली, यावर वाद होत. त्यातूनच त्यांनी साखळ्यांचं बास्केट बनवलं आणि १९७७ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. आमचे अकराव्या होलवरचे वाद तेच आहेत. विटीदांडूचे नियम जसे गल्लीगल्लीत वेगळे, तसं इथे ठरलं आहे की फितीच्या खाली आवाज आला तरच लागली म्हणायचं. पानगळीनंतर पाचोळ्यात तो आवाजही नीट येत नाही, आणि मग ज्याची डिस्क आहे त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. आजवर कुणी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही.

७. पाट्या लागाव्यात, असं मला आता वाटतं. पहिल्या मुद्द्यात मी जे लिहिलं ते मनापासून लिहिलं आहे. पण गेल्या वसंतात शाळकरी वयाची एक मुलगी नव्याकोऱ्या डिस्क घेऊन एकटीच आली होती. मी पलीकडच्या फेअरवेवर होते. तिने तिसरं होल पुरं केलं, आजूबाजूला पाहिलं, फोन पाहिला आणि परत फिरली. मी ओढ्यापर्यंत पोचेपर्यंत ती गाडीतळावर गेली होती. विचारायला कुणी भेटलं तर हा कोर्स फार प्रेमळ आहे. पण मंगळवारी दुपारी जंगलात कुणी नसतं, आणि अनोळखी पुरुषाला रानात वाट विचारायचं धाडस प्रत्येक मुलीने का करावं? एक निवृत्त सुतारकाका दर शनिवारी हातकरवत घेऊन येतात आणि वाटेवर पडलेल्या फांद्या कापून बाजूला ठेवतात. त्यांच्याकडे मी हे बोलले. उभ्या झाडाला खिळा मारायचा नाही, एवढी त्यांची अट होती, आणि ती मला मान्य आहे. जागा सरकारी असल्यामुळे परवानगीचा अर्ज दिला आहे. मेलेल्या ॲशच्या फळ्या त्यांनी त्यांच्या गॅरेजमध्ये वाळत घातल्या आहेत. परवानगी आली की पहिला बाण तिसऱ्या बास्केटपाशी लागेल, ओढ्याकडे तोंड करून.