माप आधी, मासे नंतर
रंगीत माशांच्या टाक्या बनवणाऱ्या व विकणाऱ्या बांधवांसाठी

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण म्हणतो. माशाला ते कळत नाही, त्याचे अंग वाढतच राहते. म्हणून त्याच्यासाठी अंथरूणच आधी पुरेसे घ्यावे लागते. रंगीत माशांच्या धंद्यातले निम्मे नुकसान ही गोष्ट विसरल्यामुळे होते.

शुक्रवार पेठेतल्या एखाद्या दुकानाचे उदाहरण घ्या. मुलाचा हट्ट म्हणून गिऱ्हाईक काचेचा गोल बाऊल आणि दोन गोल्डफिश घेऊन जाते. आठवड्यात मासे मरतात. "मासे खराब दिले," असे ते चार ठिकाणी सांगते आणि पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. खरे तर मासे खराब नव्हते, पाणी कमी होते.

पाणी जास्त का लागते?

माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. फिल्टरमध्ये आणि खड्यांवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग कमी घातक नायट्रेट करतात. पण नव्या टाकीत हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर थोड्या पाण्यात विष झपाट्याने वाढते. त्यात सोलापूरचा उन्हाळा! पारा 40 अंशांवर गेला की लहान टाकी लवकर तापते आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो. गोल्डफिश तर थंड पाण्याचा मासा, त्याला हे सोसतच नाही.

"मासा टाकीएवढाच वाढतो" हा गैरसमज आहे. अपुऱ्या टाकीत त्याची वाढ खुंटते, अंग वाकडे होते आणि तो अकाली मरतो.

कोणाला केवढी टाकी?

गप्पी, प्लॅटी, झेब्रा हे दोन-अडीच इंचांचे मासे. त्यांना 2 × 1 × 1 फुटाची टाकी पुरते. एंजल परांसह आठ इंच उंच होतो, त्याला 18 इंच उंचीची टाकी हवी. गोल्डफिश सहा ते आठ इंच होतो, ऑस्कर फूटभर. 'शार्क' म्हणून विकले जाणारे पंगॅसियसचे पिल्लू तर पुढे तीन फुटांवर जाते. ते घरगुती टाकीसाठी विकूच नये.

हिशेब सोपा आहे. लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणून त्याला 28.3 ने गुणा, म्हणजे लिटर निघतात. 2 × 1 × 1 ची टाकी 56 लिटरची. खडे आणि वरची मोकळी जागा सोडून 45 लिटर धरा. लहान माशांसाठी, पूर्ण वाढीच्या दर इंचाला चार लिटर असा ढोबळ नियम आहे. म्हणजे पाच-सहा गप्पी. नर-मादी एकत्र दिल्यास पिल्ले वाढत जातात, म्हणून नुसते नर द्यावेत.

उंच, अरुंद टाकीपेक्षा लांब, बसकी टाकी बरी, कारण हवा पाण्याच्या पृष्ठभागातून मिळते. आठवड्याला पाव पाणी बदलायचे, म्हणजे या टाकीला एक बादली पुरे. नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवून मगच घालावे.

कारागिरांनी ध्यानात ठेवावे

काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो. फूटभर उंचीच्या दोन फुटी टाकीला 5 मिलिमीटर काच चालते. दीड फूट उंचीला तीन फुटी टाकीसाठी 8 आणि चार फुटीसाठी 10 मिलिमीटर घ्यावी. कडा घासूनच जोडाव्यात. बुरशीनाशक मिसळलेले बाथरूमचे सिलिकॉन माशांना घातक असते, ते वापरू नये. जोड दोन दिवस सुकू द्यावा, मग पाणी भरून तीन-चार दिवस पाहावे. एक लिटर म्हणजे एक किलो, तेव्हा चार फुटी टाकीत अडीचशे किलो पाणी असते. स्टँड त्या हिशेबानेच करावा आणि टाकीखाली थर्माकोलची शीट अंथरावी.

सौद्यातली ओल

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे आपण (स.) विचारले आणि फसवणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही, असे बजावले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. दोन इंचांचे पिल्लू "एवढेच राहते" म्हणून विकणे ही ढिगाखाली दडवलेली ओलच आहे. इथे तर एका मुक्या जिवाचाही प्रश्न आहे.

म्हणून प्रत्येक टाकीवर एक चिठ्ठी लावा: माशाचे नाव, पूर्ण वाढ, लागणारी टाकी. गिऱ्हाइकाची ऐपत लहान टाकीची असेल तर त्याला लहान मासेच द्या. आज विक्री कमी होईल, पण ज्याचे मासे जगतात तो खाद्यासाठी, फिल्टरसाठी आणि पुढे मोठ्या टाकीसाठी परत येतो. खऱ्या मापाच्या सौद्यात अल्लाह बरकत देवो.